विझूं न दिलेल्या चार भट्ट्या

बीयर या पेयाच्या इतिहासावर लेख पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. ज्या मुंबई प्रांतांत १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला आणि ज्या प्रांतांतील पुष्कळ घरांतून मद्याचें नांव काढणेंही असभ्यपणाचें गणलें गेलें, तेथील वाचकांपुढें असा विषय मांडतांना प्रथम थोडा खुलासा करणें अवश्य आहे. मद्यपानाची वकिली करावयास आम्ही बसलेलों नाहीं. दारूनें धुळीस मिळालेले संसार आम्हीं पाहिले आहेत, आणि ज्यानें ते पाहिले त्याला त्या बाबतींत दुसऱ्याच्या उपदेशाची गरज उरत नाहीं. आमचा आजचा प्रश्न निराळा आहे. ज्याची विद्या पुस्तकांत नसून हातांत असते असा एखादा घरगुती धंदा प्रचंड भांडवलाच्या कारखान्यांपुढें टिकतो, तो कशाच्या बळावर? हा प्रश्न आमच्या कोष्ट्यांच्या मागास, तेल्यांच्या घाणीस आणि तांबटांच्या हातोडीस जितका लागू आहे, तितकाच तो इंग्लंडमधील लहान गांवांच्या पानगृहांसही लागू आहे. तेथें हा धंदा नष्टप्राय होऊन पुन्हा उभा राहिला. म्हणून तेथील हकीकत विशेष विचार करण्यासारखी वाटते.

पानगृह म्हणजे इंग्रज ज्याला ‘पब’ म्हणतात तें. आपल्याच मागच्या अंगणांत बीयर करावी आणि आपल्याच पुढच्या दारीं ती विकावी, हा तेथील शेंकडों वर्षांचा प्रघात. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभीं मात्र सबंध ब्रिटनमध्यें असें करणारीं जुनीं घरें मोजून चार उरलीं होतीं. कॉर्नवॉलमधील हेल्स्टन येथें ‘ब्ल्यू अँकर’, श्रॉपशायरमधील बिशप्स कासल येथें ‘थ्री टन्स’, त्याच परगण्यांतील मॅडली येथें ‘ऑल नेशन्स’ आणि डडलीजवळील नेदरटन येथें ‘ओल्ड स्वान’. निळा नांगर, तीन पिंपें, सर्व राष्ट्रें आणि जुना हंस! बाकीचीं हजारों घरें कोठें गेलीं, आणि हींच चार मागें कां राहिलीं, हें पाहावयाचें तर आरंभ बराच मागून केला पाहिजे.

या धंद्याचें स्वरूप थोडक्यांत असें आहे. सातूचे दाणे भिजवून त्यांस मोड आणावयाचे, आणि मोड फुटतांच ते ऊन हवेवर वाळवावयाचे. या वाळविलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. तें भरडून कढत पाण्यांत तास-दीड तास मुरत ठेविलें म्हणजे दाण्यांतील पिठाची साखर होते आणि गोड काढा उतरतो. हॉप्स नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून तो उकळावयाचा, मग निववावयाचा, आणि मागील खेपेचें राखून ठेविलेलें किण्व, म्हणजे यीस्ट, त्यांत विरजणासारखें सोडावयाचें. आठवडाभरांत साखरेचा मद्यार्क होतो, आणि पेय पिंपांत भरून तळघरांत ठेवितां येतें. कृति सांगावयास सोपी आहे. परंतु पाणी किती तापलें म्हणजे धान्य घालावें, काढा केव्हां उतरवावा, विरजण जोमदार आहे कीं मरगळलेलें, हें ज्याचें त्यालाच कळतें. ज्या घरचें विरजण पिढ्यान्‌पिढ्या मोडत नाहीं त्या घरच्या दह्यास एक ठराविक चव असते, तसाच हा प्रकार होय.

दह्याची उपमा आम्हीं सहज दिली नाहीं. मध्ययुगीन इंग्लंडांत हें काम स्वयंपाकघरांतलेंच होतें, आणि म्हणून तें बव्हंशीं बायकांच्या हातीं होतें. घरच्यापुरती एल करावी, आणि उरेल ती शेजाऱ्यांस विकून चार पैसे मिळवावे, अशी रीत होती. पेय तयार झालें म्हणजे दारावर एक काठी बाहेर काढून तिला डहाळी बांधीत; ती पाहून गिऱ्हाईक येई. विधवा, परित्यक्ता आणि गरीब गृहिणी यांस हा मोठाच आधार होता. सरकारचें लक्षही त्यावर असे. तेराव्या शतकांतील एका कायद्यानें पाव आणि एल यांचे भाव धान्याच्या भावाशीं जोडून दिले होते, आणि माप व प्रत तपासण्यासाठीं गांवोगांव एल चाखणारे अधिकारी नेमले जात. महाकवि शेक्सपिअर याचा पिता जॉन शेक्सपिअर यास १५५६ सालीं स्ट्रॅटफर्ड गांवीं हेंच काम मिळालें होतें.

हा धंदा बायकांच्या हातून निसटला, त्यास एक वेल कारण झाली. पूर्वीची एल हॉप्सवांचून होई आणि थोड्याच दिवसांत आंबून जाई. त्यामुळें ती घरोघरीं, थोडथोडी आणि वारंवार करणें भाग असे. पंधराव्या शतकांत समुद्रापलीकडील सखल प्रदेशांतून हॉप्स इंग्लंडांत रुळले. हॉप्सनें पेय टिकूं लागलें. टिकूं लागलें म्हणजे सांठवितां येऊं लागलें, आणि सांठवितां येऊं लागल्यावर दूर धाडतां येऊं लागलें. परंतु सांठवावयास पिंपें लागतात, पिंपांस कोठारें आणि कोठारांस भांडवल. आणि त्या काळीं भांडवल व पत हीं पुरुषांकडे होतीं. वस्तु टिकाऊ झाली कीं ती घराबाहेर पडते, आणि घराबाहेर पडली कीं तिचे मालक बदलतात, हा नियम केवळ बीयरलाच लागू आहे असें नाहीं.

अठराव्या शतकांत लंडनमध्यें ‘पोर्टर’ नांवाच्या काळसर बीयरचे अवाढव्य कारखाने उभे राहिले. त्यांच्या आकाराची कल्पना एका अपघातावरून येईल. १८१४ च्या ऑक्टोबरांत टॉटेनहॅम कोर्ट रस्त्याजवळील एका कारखान्यांतील प्रचंड लांकडी पिंप फुटलें, आणि बीयरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तींत शिरून आठ जीव दगावले. मृतांत बहुतेक बायका व मुलेंच होतीं. एके काळीं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत मावणारी वस्तु आतां घरेंच्या घरें बुडवूं लागली होती.

तथापि लहान घरें इतक्यांत संपलीं नव्हतीं. १८३० सालीं पार्लमेंटनें असा कायदा केला कीं, कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थानें दोन गिनी भरून परवाना घ्यावा आणि आपल्या घरीं बीयर करून विकावी. लोकांनीं जिनसारखी कडक दारू सोडून सौम्य बीयरकडे वळावें, आणि मोठ्या कारखानदारांची मक्तेदारी मोडावी, असे त्यांत दोन्हीं हेतु होते. कायदा होण्याचाच अवकाश, हजारों नवीं पानगृहें उघडलीं. मॅडली येथील ‘ऑल नेशन्स’ हें घर १८३२ चें, म्हणजे याच लाटेंतलें होय.

परंतु त्याच शतकांत आगगाडी आली. बर्टन या एका गांवची फिकट बीयर देशभर जाऊं लागली. ही फिकट बीयर प्रसिद्ध होण्यास आपल्या देशाचाही हातभार लागला आहे. कंपनी सरकारच्या काळीं गोऱ्या अंमलदारांसाठीं व व्यापाऱ्यांसाठीं प्रथम लंडनहून आणि पुढें बर्टनहून ती गलबतांनीं मुंबईस व कलकत्त्यास येत असे, आणि ‘इंडिया पेल एल’ हें तिचें नांव अद्याप चालू आहे. पाठोपाठ रसायनशास्त्र आलें. लुई पाश्चर यानें १८७१ सालीं लंडनच्या एका बीयर कारखान्यांत सूक्ष्मदर्शक लावून किण्वांतील दोष दाखविले, आणि १८७६ सालीं त्या विषयावर ग्रंथ लिहिला. जी गोष्ट घरची बाई वासावरून ओळखीत असे ती आतां कांचेखालीं दिसूं लागली. परंतु ती कांच विकत घेण्याची ऐपत कारखान्यास होती, लहान पानगृहास नव्हती. शेवटीं कारखानदारांनीं पानगृहेंच विकत घेण्याचा सपाटा लाविला. पानगृहाचा चालक नांवाचा मालक. बीयर मात्र कारखान्याचीच घ्यावयाची, अशी अट पडली. मग मागच्या अंगणांतील चूल पेटवावयाची कोणासाठीं? दोन महायुद्धांतील धान्याची टंचाई आणि चढते कर यांनीं उरलींसुरलीं घरेंही आटोपलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर कारखान्यांतच गाळून, तापवून, निर्जीव करून वायूच्या दाबानें नळांतून सोडलेली बीयर सर्वत्र पसरली, आणि सहा मोठ्या कंपन्यांनीं बहुतेक बाजार वांटून घेतला.

अशा स्थितींत तीं चार घरें राहिलीं. तीं कांहीं फार मोठीं किंवा फार श्रीमंत होतीं म्हणून राहिलीं नाहींत. उलट, विकत घेण्याइतकी किंमत त्यांची कोणास वाटली नसावी, अशीच शंका येते.

हेल्स्टन हें कथलाच्या खाणींच्या मुलखांतील जुनें गांव. तेथें दरवर्षीं बहुधा मे महिन्याच्या आठव्या तारखेस सारें गांव रस्त्यांतून आणि घरांच्या दारांतून नाचत जातें. तेथील ‘ब्ल्यू अँकर’ ही गवती छपराची दगडी इमारत मुळांत जोग्यांची धर्मशाळा होती असें सांगतात. तेथील बीयरला ‘स्पिंगो’ म्हणतात. आणि तिचा एक प्रकार पहिलें महायुद्ध संपून गांवचे शिपाई घरीं परतले तेव्हांपासूनचा आहे, अशी त्या घरची आठवण आहे.

बिशप्स कासल हें वेल्सच्या सीमेवरील डोंगराळ, लहानसें कसब्याचें ठिकाण. ‘थ्री टन्स’चा परवाना १६४२ चा, म्हणजे राजा व पार्लमेंट यांचें यादवी युद्ध ज्या वर्षीं पेटलें त्या वर्षींचा मानितात. तेथें रॉबर्ट्‌स कुटुंबानें १८८८ च्या सुमारास अंगणांत एक उंच मनोऱ्यासारखी भट्टी बांधिली. तिची योजना मोठी सोयीची आहे. धान्य आणि पाणी एकदांच वरच्या मजल्यावर चढवावयाचें. मग मुरविणें, उकळणें, निवविणें आणि आंबविणें या साऱ्या क्रिया एकेक मजला खालीं उतरत होतात, आणि तळाशीं पिंपें भरतात. पाणी आपल्या वजनानें खालीं येतें. पंपाचें काम फार थोडें उरतें. रॉबर्ट्‌स घराण्यानें हा मनोरा विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत चालविला.

‘ऑल नेशन्स’ याहून साधें. जगांतील पहिला लोखंडी पूल १७७९ सालीं ज्या दरींत उभा राहिला तिच्या जवळच हें घर आहे. १९३४ पासून तें लुईस कुटुंबाकडे होतें. बीयरचा एकच प्रकार, तोही हलका. तो मागच्या बाजूस करावयाचा आणि पुढच्या खोलींत द्यावयाचा. जाहिरात नाहीं, शाखा नाहीं.

नेदरटन मात्र धूर आणि निखारा यांचें गांव. तेथील कारखान्यांत सांखळ्या व नांगर घडत. ‘टायटॅनिक’ या दुर्दैवी जहाजाचा मोठा नांगर १९११ सालीं तेथूनच वीस घोड्यांच्या गाड्यावरून बाहेर पडला. भट्टीपाशीं अंगाचें पाणी करणारे ते मजूर संध्याकाळीं ज्या घरीं टेकत त्यांपैकीं ‘ओल्ड स्वान’ हें एक. त्याच्या छतावर मिनाकामाचे पत्रे असून मध्यभागीं हंस चितारलेला आहे. हें घर १९३० नंतर पार्डो दांपत्याकडे आलें. पुढें डोरिस पार्डो बाईनें तें इतकीं वर्षें सांभाळिलें कीं लोक मूळ नांव विसरून त्याला ‘मा पार्डो’चें घर म्हणूं लागले. ‘मा’ म्हणजे आपल्याकडे ‘माई’ म्हणतात तसें. माई पार्डो १९८४ सालीं वारली.

चाखणारे अधिकारी, सूक्ष्मदर्शक, कंपन्या आणि कायदे या सर्वांच्या फेऱ्यांतून ही विद्या ज्या मूठभर घरांत शिल्लक राहिली, त्यांत माजघरापासून गल्ल्यापर्यंत बायकांचा वावर पुन्हा ठळकपणें दिसावा, हा योगायोग नव्हे असें आम्हांस वाटतें. नफ्याचा हिशेब करणारा माणूस अशा वेळीं धंदा विकून मोकळा होतो. ज्याला तो धंदा आणि घर हीं दोन निराळीं दिसतच नाहींत, तोच सोमवार उजाडला कीं पाणी तापवावयास ठेवितो.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १९७१ सालीं आयर्लंडांत सहलीस गेलेल्या चौघां तरुण इंग्रजांनीं, कारखान्यांच्या निर्जीव बीयरविरुद्ध एक संस्था काढिली. ‘कॅम्रा’ या संक्षिप्त नांवानें ती प्रसिद्ध आहे. ही चळवळ प्रथम थट्टेचा विषय झाली. परंतु तिनें लोकांस विचारावयास शिकविलें कीं, हें पेय कोणीं केलें आणि कोठें केलें? आणि असा प्रश्न निघतांच दाखवावयास हीं चार घरें जागेवर होतीं. तीं नसतीं तर चळवळीस केवळ आठवणीवर बोलावें लागलें असतें. १९७९ सालीं लंडनमध्यें घरचीच बीयर करणारें एक नवें पानगृह निघालें. त्यामागून अनेक निघालीं. २००२ सालीं सरकारनें अगदीं लहान उत्पादकांचा कर निम्म्यावर आणिला, तेव्हां तर लहान भट्ट्यांची संख्या झपाट्यानें वाढली. अमेरिकेंत, युरोपांत, आणि २००९ नंतर आपल्या पुण्यासारख्या शहरांतही या पद्धतीचीं पानगृहें उघडलीं आहेत. त्यांतील पुष्कळशीं चैनीचीं आणि श्रीमंती थाटाचीं आहेत, आणि त्यांचें कौतुक करण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं. परंतु एकें काळीं चारावर आलेली गणती पुन्हा वाढली, ही गोष्ट खरी.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. तीं कुटुंबें तरी कोठें राहिलीं? रॉबर्ट्‌स गेले, लुईस गेले, पार्डो गेले. ‘थ्री टन्स’ची भट्टी आणि पानगृह यांची मालकी पुढें वेगळी झाली. ‘ओल्ड स्वान’ माईच्या मागें अनेकांच्या हातीं गेलें, आणि तेथील चूल मध्यंतरीं कांहीं वर्षें थंड होती. मग कुटुंबानें जपलें म्हणजे काय जपलें? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्यांतच आमचें उत्तर आहे. कोणतेंही घराणें अमर नसतें. एखाद्या कलेस मान नाहीं, पैसा नाहीं आणि विचारणाराही कोणी नाहीं असा जो मधला काळ असतो, तेवढा निभावून नेणें हेंच घराण्याचें काम. मागून कदर करणारे येतात, त्यांस कांहींतरी हातांत देण्यासारखें उरलें पाहिजे. माई पार्डोनें आणि तिच्यासारख्यांनीं परंपरा राखण्याचा संकल्प सोडला नव्हता. त्यांनीं फक्त धंदा बंद केला नाहीं.

शेवटीं नेदरटनपासून थोड्याच मैलांवर असलेल्या सेजली गांवची एक गोष्ट सांगून हा लेख आटोपतों. खाणींतील अपघातांत नवरा गमावलेल्या सॅरा ह्यूज नांवाच्या बाईनें, नुकसानभरपाईच्या पैशांतून १९२० च्या सुमारास तेथील ‘बीकन’ हें पानगृह व त्यामागील मनोऱ्याची भट्टी विकत घेतली असें सांगतात. मध्ययुगांतील विधवा दारावर डहाळी बांधीत असे, तिचीच ही सातशें वर्षांनंतरची वंशज म्हणावयाची. तिनें गडद तांबूस रंगाची एक जोरदार बीयर करून तीवर संसार चालविला. ती गेल्यावर १९५० नंतरच्या दशकांत भट्टी बंद पडली, आणि पाहणारास वाटलें असेल कीं हेंही घर त्या हजारांत मिळालें. परंतु बाईची कृति एका सिगारच्या पेटींत राहिली होती, आणि तिच्या नातवानें १९८७ सालीं ती हातीं धरून आजीची भट्टी पुन्हा पेटविली.

तीस वर्षें तो कागद पेटींत सुरक्षित होता, आणि त्या तीस वर्षांत त्यापासून एक पिंपही भरलें नाहीं. कागदास नातू भेटला म्हणून भट्टी पेटली. आपल्याकडेही किती घरांतून असे कागद, अशा वह्या आणि अशा आठवणी पेट्यांत पडून असतील. कोणाच्या आजीची रंगाची कृति, कोणाच्या आजोबांचें वाद्य जुळविण्याचें गणित! त्या पेट्या उघडणारे हात आपल्या घरांत आहेत कीं नाहींत, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.